भाऊ, खडे काढा

भाऊ, आपण एका घरात उभा जन्म काढला आणि आपलं बोलणं झालं ते एकदाच. तेही तीन शब्दांचं, आणि तिन्ही शब्द माझेच. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, भिंतीकडे तोंड फिरवून उभे राहिलात. त्या दिवशी माझी नात वाचली ती तुमच्यामुळे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. काल तुमच्या तेराव्यानंतरचं गोडाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, घर एकदम मोठं वाटायला लागलं, तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावं.

शेजारच्या नव्या सुनेला आपली रीत सांगितली तर ती हसतच सुटली. "काकू, एका घरात राहायचं आणि बोलायचंच नाही? मग काम पडलं तर?" म्हटलं, काम पडलं तर मध्ये अक्का होत्या. थोरल्या दिरापुढे धाकटीनं तोंड उघडायचं नाही, आवाज कानी जाऊ द्यायचा नाही, पदर कपाळाच्या खाली ठेवायचा, समोरून आले तर भिंतीशी सरकायचं. मी एकटीनं थोडीच पाळलं? गावोगावच्या बठ्ठ्या, सगळ्या घरांत हेच. तुम्ही ओट्यावरून म्हणायचात, "धाकलीला सांग." मी चुलीपाशी म्हणायची, "भाऊंना सांगा." आणि मधल्या दारात अक्का, तुमची बायको, माझी जाऊ. धुळ्याकडच्या माहेरची बोली त्यांनी जळगावात येऊनही सोडली नाही. इकडचं बोलणं तिकडे, तिकडचं इकडे, दिवसभर त्यांचा दरवाजात झोका चाललेला.

आणि रीत म्हणजे माया नव्हती असं कुणी समजू नये. माझ्या सुमनचे वडील गेले तेव्हा सुमन अजून माझं बोट धरून चालत होती. माझे माहेरचे भाऊ एरंडोलहून गाडी जुंपून मला न्यायला आले होते. मी पेटी भरून बसलेली. तुम्ही ओट्यावर पाठमोरे बसला होतात, तिथूनच अक्कांना म्हणालात, "धाकलीला सांग, पेटी पुन्हा फडताळात ठेव म्हणावं. पाहुण्यांना जेवू घाल, आणि गाडी रिकामी जाऊ दे." बस. पुढे कधी त्यावर एक अक्षर नाही. सुमन तुमच्या मांडीवर वाढली, तुमच्याच पाटीवर शिकली आणि तिच्या मागे बसून मीही शिकले. हे जे लिहितेय ते तुमच्याच पाटीवरचं, बरं का. शुद्ध-अशुद्ध बघू नका.

तर तो उन्हाळा. स्वराज्य येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. सुमन पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती, आणि वैशाखाच्या ऐन तोंडावर, आठवा पुरता सरायच्या आत मोकळी झाली. पोर केवढी, तर चपातीच्या लाटीएवढं तोंड आणि माझ्या करंगळीएवढी मांडी. रडणं म्हणजे मांजराचं पिल्लू कुठेतरी माळ्यावर असावं तसं. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, असल्या मुलांना मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात. पेटीत हवा एकसारखी राहते, कमी नाही, जास्त नाही. ते इथे कुठून आणायचं? ही खोलीच पेटी समजा. झळ लागता कामा नये आणि गारठाही लागता कामा नये. एवढा महिना काढा, पोर तुमची."

महिना काढा! जळगावचा वैशाख तो. दुपारी ओट्यावरच्या फरशीवर पापड भाजावा. पश्चिमेकडून वारा सुटला की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं. आपल्याकडे त्यावर उपाय एकच, वाळ्याची ताटी. बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या गच्च विणायच्या, ती खिडकीला लावायची आणि तिच्यावर पाणी मारत राहायचं. गरम वारा तिच्यातून गाळून आला की गार होतो, वासही सुरेख. पण तांब्यानं पाणी मारणारं माणूस लागतं. मारलं की खोली एकदम ओली गार, अंगावर काटा येईल अशी. जरा डोळा लागला की ताटी खडखडीत, आणि झळ आत. मोठ्या माणसाला त्याचं काय? कुशीवर वळलं की झालं. पण या लाटीएवढ्या जिवाला दोन्ही बाजूंनी मरण.

मी आणि अक्का पाळीपाळीनं तांब्या घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशीच पोर दुपारी तापल्यासारखी लाल झाली आणि तिन्हीसांजेला पाय बर्फ. दूध ओढेना. सुमन नुसती माझ्याकडे बघत राहायची. तिच्या तोंडून प्रश्न यायच्या आधीच मी दुसरीकडे बघायची.

डॉक्टर जे म्हणाले ते अक्कांनी तुम्हाला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही जेवलाच नाहीत, ताटावर बोटानं रेघा मारत बसलात. दुसऱ्या दिवशी जिनात गेलात ते दुपारीच परत आलात. खांद्यावर एक लांब सागवानी दांडी, हातात पितळी कॉक आणि तारेचं भेंडोळं. सरकी काढण्याच्या त्या कारखान्यात तुम्ही बॉयलरवर होतात. तिथे बॉयलरच्या डोक्यावर म्हणे एक झडप असते आणि तिच्या दांडीला वजन टांगलेलं. वाफ जास्त झाली की दांडी आपली आपण उचलते, कमी झाली की आपली आपण बसते, कुणी हात लावावा लागत नाही. हे मी तुमच्याकडून नाही, सुमनकडून ऐकलं. लहानपणी तुम्ही तिला गोष्टीसारखं सांगायचात. आम्ही बायका राजाराणीच्या गोष्टी सांगायचो, तुम्ही झडपेची.

मागच्या अंगणात ठोकाठोक सुरू झाली. शेजारचे नाना कुंपणावरून डोकावले. ते काय गप्प राहणार?

"काय भाऊ, घराला तराजू लावता का? विकायचं काय?"

"हवा."

"काय भावानं?"

"तुम्हाला फुकट. पण शिडी धरायला या."

नाना आले, शिडी धरली, आणि धरल्या-धरल्या सगळ्या आळीला सांगितलं की भाऊंनी सूर्याला वेसण घालायचं ठरवलंय.

जे केलंत ते आज मी डोळे मिटून सांगू शकते. खिडकीवर बाहेरच्या भिंतीला दांडी, वाण्याच्या तराजूसारखी मध्ये तोललेली. तिच्या एका टोकाला ताटी टांगली, दुसऱ्या टोकाला पत्र्याचा डबा, डब्यात गिरणा नदीचे गोल खडे. धाब्याच्या छतावर पिंप, पिंपातून नळी, नळीला कॉक, नळीच्या टोकाला भोकं पाडलेली, ताटीच्या बरोबर डोक्यावर. आणि दांडीपासून कॉकच्या मुठीला तार. ताटी वाळली की हलकी व्हायची, वर उचलायची, तार ओढली जायची, पाणी सुरू. ताटी भिजली की जड व्हायची, खाली यायची, पाणी बंद. तांब्या नको, माणूस नको. वाऱ्यानं ताटी चौकटीला घासून अडायला लागली तेव्हा तुम्ही चौकटीच्या पट्ट्यांना कपडे धुण्याचा साबण चोळलात. अक्का करवादल्या, माझा बठ्ठा साबण भिंतीला फासला म्हणून.

आता किती गार ठेवायचं, ते सगळं त्या डब्यातल्या खड्यांवर. खडे जास्त तर ताटी जास्त भिजेपर्यंत पाणी चालायचं, खोली जास्त गार. खडे कमी तर कमी. ते नेमकं बसवायचं म्हणजे आतल्यानं सांगायचं आणि बाहेरच्यानं खडे टाकायचे-काढायचे. आत मी, बाहेर तुम्ही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस येणार नाही, आणि मी तुमच्याशी बोलणार नाही. म्हणजे पुन्हा अक्का. खोलीतून निघायच्या, माजघर, स्वयंपाकघर, मागचं दार, असा वळसा घालून अंगणात जायच्या. मधे गच्च विणलेली ताटी आणि वाऱ्याचा घोंगाट, खिडकीतून एकाचं दुसऱ्याला काही ऐकू जात नव्हतं.

पहिल्या प्रहरी छान जमलं. मग ऊन चढलं, वारा सुटला, आणि वाऱ्याबरोबर खोली गार व्हायला लागली, जरा जास्तच. मी म्हटलं, "अक्का, भाऊंना सांगा, कमी करा. पोरीचे तळवे गार लागतात." अक्का गेल्या. आल्या. मी वाट बघते, तर खोली आणखी गार! पुन्हा म्हटलं, "अक्का, कमी म्हणावं, कमी." अक्का पुन्हा गेल्या. आणि भाऊ, खोली तिसऱ्यांदा आणखी गार झाली. वैशाखाच्या भर दुपारी माझ्या हातावर काटा. पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते आता सांगून टाकते. वाटलं, भाऊंना आपलं यंत्र चालवून दाखवायचंय, पोर जगते का मरते याचं त्यांना काय! इतक्या वर्षांत तुमच्याविषयी वाईट असं तेवढंच आलं, आणि आलं तेही सगळ्यात चुकीच्या दिवशी.

मी पोर सुमनच्या उघड्या छातीशी दाबली, तुम्हीच जिनातून आणून दिलेला धुतल्यासारखा कापूस वरून गुंडाळला आणि धावले. मागच्या दारात पदर कडीला अडकला, तो सोडवत बसले नाही. अंगणात आले तर तुम्ही भाजत्या उन्हात स्टुलावर उभे. डोक्याला ओला पंचा, तोही वाळून कडक झालेला. हातात एक खडा, डब्यात टाकायच्या बेतात. तुमचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा धड पाहिलं. मला कधी कळलंच नव्हतं की तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्यात.

"भाऊ, खडे काढा!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तुम्ही एवढे दचकलात की खडा हातातून सुटून नानांच्या कुंपणात गेला. मग तुम्ही झटकन भिंतीकडे तोंड फिरवलंत, माझं डोकं उघडं होतं ना. आणि तसंच पाठमोरं राहून, हातानं चाचपत, सगळा डबाच सदऱ्याच्या ओच्यात पालथा केलात. ताटी खाली बसली, पाणी थांबलं. मी उलट पावली आत पळाले.

दिवे लागायच्या सुमाराला पोर रडली. भाऊ, तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. सुमन हसली आणि तीही रडायला लागली, मग मी, मग दारात उभ्या अक्का. अक्कांचं रडणं मात्र थांबेना. तेव्हा बाहेर पडलं. मी "कमी करा" म्हणत होते आणि त्या तुम्हाला जाऊन सांगत होत्या, "छान वाटतंय म्हणे, आणखी थोडं चालेल."

"त्या उन्हमा उभा शेतस वं," अक्का म्हणाल्या. "सकायपासून पानी नही, भाकर नही. मी कशी सांगू, जमनं नही म्हनीसन?"

ऊन लागलेल्या नवऱ्याला 'जमलं नाही' सांगवेना म्हणून बाईनं गोड करून सांगितलं. दुसऱ्या कुठल्या मुलखात असली चूक कुणी केली नसती. आमच्याकडे मात्र निरोप नेणारी बाई नुसते शब्द नेत नाही, दोन्हीकडची मनं सांभाळत नेते. जन्मभर अक्कांनी तेच केलं होतं आणि त्याच्यावरच घर उभं होतं. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मग विचार केला, माझे किती फटकळ बोल त्यांनी तुमच्यापर्यंत साखर लावून नेले असतील! राग तिथेच विरला.

पण तुम्ही काय केलंत? कुणाला एक शब्द न बोलता दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळा पसारा उतरवलात. दांडी खिडकीवरच्या झरोक्यातून आरपार घातलीत. ताटी बाहेर राहिली, आणि खड्यांचा डबा खोलीत, माझ्या हाताच्या उंचीवर. मग अक्कांबरोबर निरोप आला, आणि तो त्यांनी ओंजळीतलं पाणी आणावं इतक्या जपून आणला. "ते म्हणतात, डबा धाकलीच्या हातात. मी फक्त पिंप भरलेलं बघेन."

 म्हणजे आता मला कुणाला विचारायचं नव्हतं, कुणाला पाठवायचं नव्हतं. पोरीचा तळवा हातात घ्यायचा आणि एक खडा टाकायचा, नाहीतर काढायचा. तुमच्याच कल्पनेचं यंत्र, तुम्ही उन्हात भाजून उभं केलेलं, आणि त्याची किल्ली तुम्ही आतल्या बाईला देऊन टाकलीत. या घरात माझ्या शब्दाला वजन आहे, हे मला त्या डब्यानं सांगितलं. महिना सरला. पोरीनं जीव धरला. बारसं लांबवलं होतं ते केलं, एदलाबादला मुक्ताईच्या पायाशी नेऊन आणली आणि मुक्ताच नाव ठेवलं. परवा तुमच्या दिवसांना ती आली होती, अंगणात लंगडी घालत होती, मोठ्यांनी दटावलं तर कोपऱ्यात जाऊन घालायला लागली. अंगात किती जीव आहे बघा.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. अहो, भांडणच की ते! पुढच्या उन्हाळ्यात ताटी पुन्हा चढली, खोलीत आता बाळंतीण नव्हती, तेव्हा तुम्हाला आत यायला मोकळीक होती. तुम्ही डब्याच्या आत कोळशानं रेघ ओढलीत. खडे या रेघेपर्यंत, खाली नाही, वर नाही. निरोप आला, "यंत्र एकदा बसवलं की त्याला रोज हात लावायचा नसतो." मी उलट निरोप धाडला, "रेघेला काय कळतं कुणाला सर्दी आहे ते?" तिन्हीसांजेला मी दोन खडे काढून कोनाड्यात ठेवायची, कारण तेव्हा वारा पडतो आणि ओल अंगावर येते. सकाळी बघावं तर खडे परत डब्यात. मी पुन्हा काढायची. तुम्ही पुन्हा टाकायचात. कधी रागावलात तर एक जास्तीचा टाकायचात, तो मला ओळखू यायचा. आपण समोरासमोर एक अक्षर बोललो नाही, पण त्या डब्यात आपली रोज तोंडातोंडी व्हायची. आणि खरं सांगू का, मला त्यात गंमत वाटायची. विधवा बाईशी कोण भांडतं? दया करतात. तुम्ही माझ्याशी भांडलात, त्याचे उपकार मी कशात मोजू?

पुढे तुम्ही माजघराला एक ताटी लावलीत आणि तुमच्या दोघांच्या खोलीला एक. प्रत्येक खोलीचा डबा वेगळा, ज्याचा त्यानं बघायचा. अक्कांनी आपल्या डब्यात मावतील तेवढे खडे भरले, वर एक खलबत्त्याचा बत्ताही ठेवला. खोली अशी गार, की वैशाखात बाई गोधडी पांघरून झोपायच्या. तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "धाकलीला सांग, काश्मीर बघायचं असलं तर आत ये म्हणावं." हा निरोपही अक्कांनी इमानानं पोचवला. स्वतःवरची थट्टा त्यांनी कधी गाळली नाही, ती तेवढी जशीच्या तशी आणायच्या.

या उन्हाळ्यात तुमची छाती भरली आणि तुम्हाला सुमनच्या बाळंतपणाच्या त्याच मागच्या खोलीत ठेवलं. उशाला अक्का, डब्यापाशी मी. तुम्हाला गार हवं असायचं. तुम्ही बोट वर करायचात, म्हणजे एक खडा टाक. मी टाकायची. पुन्हा बोट. मी अक्कांकडे बघून म्हणायची, "सांगा त्यांना, आता पुरे. ओलीनं खोकला वाढेल." तुम्ही डोळे मिटून घ्यायचात, रुसल्यासारखे. शेवटच्या दोन-तीन दिवसांत बोट वर करायचंही थांबलं. तेव्हा मीच विचारायला हवं होतं, वाकून, सरळ. "भाऊ, बरं वाटतंय का?" एवढंच. जीभ हलली नाही. जन्माची सवय. पंख्याचा वारा घालत राहिले, आणि तुम्ही गेलात.

आता जे सांगायचं आहे ते काल संध्याकाळचं. पाहुणे पांगल्यावर मी आणि अक्का मागच्या खोलीत बसलो होतो. अक्का म्हणाल्या, तुझ्या नावाचा एक निरोप माझ्याकडे राहिला आहे. मी म्हटलं, कसला?  त्यांनी सांगितलं. पोर ज्या दिवशी निळी पडली, त्या दिवशी दिवेलागणीला तिचं रडणं ओट्यावर ऐकू आलं तेव्हा तुम्ही अक्कांना बोलावलंत आणि म्हणालात, "धाकलीला सांग, उघड्या डोक्यानं आली त्याचं मनाला लावून घेऊ नको म्हणावं. लेकराच्या जिवापुढे पदराचं काय घेऊन बसायचं? आजपासून काही लागलं-सवरलं तर सरळ माझ्याशी बोलत जा."

डब्याचा निरोप आणला, हा नाही आणला. मी म्हटलं, "अक्का, का हो?"

"मंग माले कोन इचारतं वं?"

 अक्कांना मूल नाही. सुमन माझी, मुक्ता सुमनची. या घरात अक्कांचं स्वतःचं म्हणून जे होतं ते ते मधलं दार. तुम्ही आणि मी सरळ बोलायला लागलो असतो तर त्या दारात उभं राहायला त्यांना कारण काय उरलं असतं? एवढी वर्षं त्यांनी तो निरोप पोटात धरला. तुम्हाला वाटलं असेल, धाकलीला कळवलं पण तिला नको आहे. तुम्ही तसाच मान राखलात, पुन्हा काढलं नाहीत. आणि मी समजत राहिले की त्या दिवशीचं माझं ओरडणं तुम्ही पोटात घातलंत, एवढंच.

 मग शांतपणे विचार केला. तो निरोप त्याच दिवशी मिळाला असता तरी मी दुसऱ्या दिवशी काय केलं असतं? अक्कांनाच हाक मारली असती, भाऊ. एवढं धैर्य मला पोरीच्या निळ्या ओठांनी दिलं होतं, ते माझं नव्हतं. तेव्हा अक्कांनी माझं काही हिरावलं नाही. पण तुम्ही मुभा दिली होती, त्याच दिवशी, आपणहून, हे कळलं. तुमच्याविषयी माझ्या मनात जे एकदाच वाईट आलं होतं, त्याच दिवशी तिन्हीसांजेला तुम्ही असं बोलला होतात. आता मला तुमच्याकडून काही यायचं बाकी नाही. माझंच देणं राहिलं, शब्दांचं.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर उताणे ठेवलेले. दोन्हीकडचं नेणाऱ्या बाईची एक बाजू रिकामी झाली की तिनं कुठे जायचं? मी जवळ सरकले आणि म्हटलं, "अक्का, भाऊंना एक सांगाल का?"

त्यांनी मान वर केली.

"सांगा म्हणावं, धाकली म्हणते, मुक्ता तुमच्यामुळे आहे. आणि सुमन शिकली ती तुमच्यामुळे, आणि मी या घरात ताठ मानेनं राहिले ती तुमच्यामुळे. तोंडावर बोलता आलं नाही म्हणावं, पण रोज मनात होतं."

अक्कांनी डोळे पुसले, नाक ओढलं, पदर नीट केला, बाहेर जायला निघताना करायच्या तसा. आणि मला म्हणाल्या,

"सांगसू. गोड करीसन सांगू, का जसं शे तसं?"

म्हटलं, "जसं शे तसं."